काकी माहेरी गेल्यात

"काकी दिसल्या नाहीत दोन-तीन दिवस?" समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीने लिफ्टमध्ये विचारलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माहेरी गेलीये."

मुलगी म्हणजे चांगली चाळिशीची बाई आहे, दोन पोरांची आई. पण आम्हाला काका-काकी म्हणते, म्हणून आमच्या लेखी ती मुलगीच. वसई गावाजवळच्या होळी नावाच्या वस्तीतली, तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरातली. लग्न करून एव्हरशाईन सिटीत आली ती थेट आमच्या समोरच्या दारात. "बरं झालं, त्यांनाही जरा चेंज," असं म्हणून तिने मान डोलावली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आपापल्या दारात शिरलो. मी आतून कडी घातली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसून राहिलो.

माझी बायको माहेरी गेलेली नव्हती. ती घाटावरच्या एका गावात, दारू सोडवण्याच्या केंद्रात, बायकांसाठी म्हणून ठेवलेल्या एका खोलीत होती. आणि खरं तर तिला माहेर असं उरलेलंही नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ कराडजवळ जुन्या घरात राहतो, पण त्याच्या मुलीच्या लग्नात ही मांडवात तोल जाऊन पडली, तेव्हापासून त्याने आमचा फोन उचलणं सोडून दिलं. म्हणजे मी थाप मारली तीही अशी, की तिच्यात औषधालाही खरं नव्हतं.

थाप उत्तम होती मात्र. पुरुष महिनाभर दिसला नाही तर लोक दहा प्रश्न विचारतात. नोकरी गेली का, ॲडमिट आहे का, पोलिसांचं काही लफडं आहे का. बायको माहेरी गेली म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. उलट आनंदच होतो लोकांना.

ती का प्यायला लागली हे मला कोणी विचारू नये. मला माहीत नाही. तिलाही नीट सांगता येत नाही. मुलगा बंगळूरला गेला, मी सकाळी जायचो तो रात्री यायचो, घर दिवसभर रिकामं, एवढं सांगता येतं. पण घरं काय, सगळ्यांचीच रिकामी असतात. मी निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा मला एकेक गोष्ट दिसायला लागली. दुपारी न उठवता येणारी झोप. तोंडात सदानकदा लवंग. एकदा भात लावायला म्हणून मी तांदळाच्या डब्यात वाटी घातली, तर ती काचेवर आपटली. तांदळात गळ्यापर्यंत पुरलेली बाटली होती. मी ती वर काढली, परत आत ठेवली, वरून तांदूळ सारखे केले आणि त्या दिवशी बाहेरून पोळ्या आणल्या.

उपचार शोधायला निघालो तेव्हा कळलं की सगळं जग एकाच प्रकारचा बेवडा गृहीत धरून चाललंय. वसई स्टेशनबाहेरच्या भिंतीवर पत्रकं चिकटवलेली असतात, 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा'. खाली बारीक अक्षरात, 'पतीच्या जेवणात मिसळावे'. आता आमच्या घरी जेवण करणारी तीच आणि पिणारीही तीच. मिसळायचं कोणी आणि कुठे? मी भिंतीसमोर उभा राहून तो कागद वाचत होतो तर एक रिक्षावाला आपुलकीने म्हणाला, "काका, यह सब फालतू है, मत लो."

मग फोन. पालघरपासून विरारपर्यंत जेवढी केंद्रं मिळाली तेवढ्यांना लावले.

"पेशंट तुम्हीच का?" पलीकडचा माणूस विचारायचा.

"नाही. माझी बायको."

"बरं, वहिनींकडे द्या फोन, त्यांनाच विचारतो किती घेता ते."

"अहो, पेशंट ती आहे."

यावर पलीकडे जी शांतता पसरायची, तिची मला पुढे पुढे सवय झाली. कधी कधी मागे टीव्ही ऐकू यायचा. मग आवाज खाली आणून, जणू मीच काही भलतं मागितलंय अशा सुरात उत्तर यायचं, "लेडीज नाही घेत आम्ही. सोय नाही."

आमचे डॉक्टर एव्हरशाईनमध्येच बसतात. त्यांनी मला आत बोलावून, दार लावून सांगितलं होतं, "काका, लांब कशाला जाता? पश्चिमेला, होळीच्या बाजूला, चर्चच्या शाळेत दर रविवारी लोक बसतात. स्वतः प्यायचे, आता सोडलेली आहे असे. बायकांनाही घेतात. घरच्या माणसांसाठीही वेगळी खोली असते. कोणत्याही धर्माचा माणूस चालतो, पैसे लागत नाहीत."

"डॉक्टर, वसईत कोण कोणाला ओळखत नाही?" मी म्हणालो.

हसले ते. म्हणाले, "हेच तर होतं. विरारचा पेशंट उठून बोईसरला जातो आणि बोईसरचा विरारला येतो. स्टेशनात एकमेकांना दिसतात आणि दोघंही तोंड फिरवतात."

मी हसलो नाही. जवळ नको म्हणजे नको, असंच माझं ठरलेलं होतं. शेवटी घाटावरचं ते केंद्र सापडलं, एका रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा ती झोपेतून उठेना, त्याला "आई देवळात गेलीये" म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो. गेटवर तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि मला काही न बोलता आत गेली. वाटलं होतं, रडेल, नाही म्हणेल. त्यापेक्षा ते जड गेलं.

त्यानंतरचा महिना मी एकटा काढला. एकटा माणूस फ्लॅटमध्ये फार आवाज करतो, हे मला तेव्हा कळलं. भांडं ठेवलं तरी दचकायला होतं. समोरची मुलगी एक दिवसाआड डबा आणून द्यायची. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, कधी चवळीच्या शेंगा. "काकी येईपर्यंत लाजायचं नाही, काका. कधी येतात त्या? बोलणं झालं का? मजेत आहेत ना?" मी होय होय म्हणायचो. केंद्रात पहिले काही दिवस फोन द्यायचे नाहीत, त्यामुळे ती मजेत आहे की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. तो डबा उघडून मी जेवायला बसलो की घास उतरायचा नाही, आणि टाकूनही देववायचा नाही. मग उभ्या उभ्या खायचो, ओट्यापाशी.

तिला आणायला गेलो तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी मला खुर्ची देऊन बसवलं. "आमचं काम इथे संपतं," त्या म्हणाल्या. "खरं काम घरी गेल्यावर. त्यांना घराजवळ माणसं लागतील. ज्यांच्यासमोर खोटं बोलावं लागणार नाही अशी. दर आठवड्याला. नाहीतर या पुन्हा पितील, हे मी तुम्हाला आजच सांगून ठेवते. वसईला काही आहे का?"

"बघतो," मी म्हणालो. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. पण मी बघतो म्हणालो.

आणि मग मी ते केलं, ज्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. माहेराहून आलेली बाई रिकाम्या हाताने येत नाही. चाळीत असो की टॉवरमध्ये, शेजारी वाट बघतात. म्हणून मी परतताना एका दुकानातून शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा-लसूण मसाला असं सगळं घेतलं. घरी आल्यावर टेबलावर पसरलं, लेबलं काढली आणि लहान लहान पिशव्यांत भरायला बसलो. मजल्यावरच्या चार घरांना चार पिशव्या. ती समोर खुर्चीत बसून माझे हात बघत होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"तू माहेरी गेली होतीस," मी म्हणालो. "सगळ्यांना तसंच सांगितलंय."

तिने एका पिशवीत बोट घालून चटणी चाटली. "आई लसूण जास्त घालायची," म्हणाली. मग पदर खोचून उठली आणि चारी घरी पिशव्या देऊन आली. पलीकडून आवाज येत होते. वा, काकी, माहेर मानवलं हो! काय तजेला आलाय! ही परत आली, दार लावलं आणि न जेवता झोपली. मी खूश होतो. सगळं बिनबोभाट पार पडलं असं मला वाटत होतं.

दोन महिने टिकलं. मग एक दिवस पुन्हा लवंगेचा वास आला.

पुन्हा घाट, पुन्हा ती खोली, पुन्हा "माहेरी गेलीये". या वेळी मात्र कोणी खूश झालं नाही. समोरची मुलगी लिफ्टमध्ये नुसती "हं" म्हणाली. डबा आला, पण पोराच्या हाती. खालच्या मजल्यावरच्या बायका मला पाहून बोलायच्या थांबायला लागल्या. मला वाटलं, उघडं पडलं सगळं.

उलगडा केला तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने. गृहस्थ तसा भला. मला गेटपाशी बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. माझे मामापण घ्यायचे. सुटते ती. मनावर घेतलं की सुटते. काकी किती दिवस माहेरी जाऊन बसणार?"

हळूहळू डोक्यात उजेड पडला. घरातल्या रिकाम्या बाटल्या मी पहाटे वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून बाजाराजवळच्या कचराकुंडीत टाकून यायचो. पिशवी वाजायची. वॉचमनने ऐकली होती. समोरच्या मुलीने चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जाताना मला कुंडीपाशी वाकलेला पाहिला होता. आणि बायको वारंवार माहेरी जाते ती कशामुळे, हे शेंबडं पोरही सांगेल. सगळ्या बिल्डिंगने हिशेब बरोबर मांडला होता, फक्त माणूस चुकला होता.

मी, ज्याला आम्लपित्तामुळे दोन कप चहासुद्धा झेपत नाही, तो मी एव्हरशाईनमधला नामांकित बेवडा झालो होतो. रागाने माझे कान तापले. सेक्रेटरीला तिथल्या तिथे सुनवावं असं जिभेवर आलं. पण सुनवायचं काय? मी नाही, ती? मी म्हणालो, "बघतो," आणि वर आलो. पायऱ्यांनी आलो, लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून.

त्यानंतर बारशाला गेलो तरी माझ्यासाठी सरबत आधी यायचं, जरा जास्तच आग्रहाने. पत्ते खेळायला बोलावणं बंद झालं. निवृत्त माणसाला असतं तरी काय, खालच्या कट्ट्यावरची दोन माणसं. तीही मी आलो की घड्याळ बघायला लागली. बायको दुसऱ्यांदा परत आली तेव्हा मी पिशव्या भरल्या नाहीत. कोणी वाटही पाहत नव्हतं. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. घरात दोघं, आणि दोघांचीही तोंडं बंद.

मग नाताळ आला. समोरच्या घरी दरवर्षी संध्याकाळी सगळा मजला जमतो. केक, करंज्या, आणि घरी केलेली द्राक्षाची वाईन. आम्ही जाऊ नये असं मी सुचवून पाहिलं. "शेजारी आहेत. नाही गेलो तर काय सांगणार?" ती म्हणाली. खरंच, नाताळात काही माहेरी जाता येत नाही.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. समोरची मुलगी ट्रे घेऊन फिरत होती. माझ्यापाशी आली आणि ट्रे जरा मागे घेऊन म्हणाली, "काका, तुमच्यासाठी खास कोकम सरबत ठेवलंय." आजूबाजूचे दोघे-तिघे मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. मी सरबत घेतलं. मग ती पलीकडे वळली आणि माझ्या बायकोच्या हातात वाईनचा ग्लास दिला. "घ्या ना, काकी. घरची आहे, गोड आहे. तुम्हालाही कधीतरी बरं वाटायला नको का?"

किती प्रेमाने म्हणाली. त्या घरात त्या क्षणी सगळे पिणाऱ्याला जपत होते, आणि जपत होते ते मला.

बायको ग्लासाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिची बोटं ग्लासाभोवती घट्ट होती आणि ओठ जरासे उघडे. 'तिला नको' म्हणायला दोन शब्द लागतात. पण का नको, हे त्याच्या मागून आलं असतं, आणि माझ्यापाशी त्याचं उत्तर तयार नव्हतं. मी उठलो, लोकांचे पाय ओलांडत गेलो, तिच्या हातातून ग्लास जवळजवळ ओढून घेतला आणि एका दमात पिऊन टाकला.

घसा जळला. खोकलो. डोळ्यांत पाणी आलं. वर पाहिलं तर सगळी खोली माझ्याकडे बघत होती. बायकोच्या हातातला ग्लास हिसकावून पिणारा म्हातारा, तोही सणाच्या दिवशी, पोराबाळांसमोर. समोरच्या मुलीच्या डोळ्यांत तर सरळसरळ किळस होती. मी रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि घरी आलो.

बायको माझ्या मागोमाग आली. दार लावून त्यालाच टेकून उभी राहिली आणि हसायला लागली. कितीतरी काळाने हसत होती. "अहो, तुम्हाला चढलीये," म्हणाली. मला खरंच चढली होती, डोकं गरगरत होतं. "त्यांना वाटतं मी पितो," मी म्हणालो. "सगळ्यांना तसंच वाटतं. केव्हापासून." तिचं हसणं तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ. मग ती तिथेच, दारापाशी, जमिनीवर बसली आणि रडली. मला तिच्याजवळ बसायचं होतं. पण गुडघे, आणि ते गरगरणं. मी खुर्चीत बसून राहिलो.

दोन दिवसांनी समोरची मुलगी आमच्या दारात आली. आत आली नाही. "काका, दर रविवारी काकींना माझ्या माहेरी घेऊन जाणार आहे मी. आमच्या वाडीत ताजी भाजी असते." विचारत नव्हती, सांगत होती. मला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती तिने.

रविवारी दुपारी दोघी रिक्षात बसून गेल्या. मी गॅलरीतून पाहिलं. संध्याकाळी ही परत आली ती मुळ्याची जुडी, लाल माठ आणि वेलची केळ्यांची फणी घेऊन. पानांना माती होती. मी पिशवी घेण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घेतला. लवंग नव्हती, काही नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा. समोरची घरी वाईन करते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. भाजी घ्यायला चार-चार तास लागतात? ती गेली की मी आख्खं घर तपासायचो. तांदळाचा डबा, माळा, गिझरच्या मागे. काही सापडायचं नाही आणि मग मी त्या स्वच्छ घरात बसून तिची वाट बघायचो. विचारायची हिंमत नव्हती. खोटं ऐकायला लागेल याची भीती होती. माझ्याच तालमीत तयार झालेली बाई.

महिनाभराने एका रविवारी ती आली, भाजी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "बसा जरा."

मी बसलो.

"ती मला भाजीला नेत नव्हती. चर्चच्या शाळेत मीटिंग असते. तिचे वडील तिथेच दारूतून सुटले म्हणे. तिने मला पिणाऱ्यांच्या बायकांमध्ये नेऊन बसवलं. तुमच्यापायी."

"माझ्यापायी!"

"मग? सगळ्या बिचाऱ्या माझा हात धरून म्हणायच्या, फार सोसलंत हो, काकी. पहिल्या रविवारी मी गप्प बसले. दुसऱ्या रविवारी तुमच्याबद्दल काय काय ऐकून घेतलं."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"बरं वाटलं थोडंसं," ती म्हणाली. मग लाल माठाच्या काड्या मोडायला लागली. "तिसऱ्या रविवारी मात्र लाज वाटली. एक बाई रडत होती, नवरा घर विकायला निघालाय म्हणून. आणि मी तिथे तिच्यासारखीच म्हणून बसलेले. उठून उभी राहिले. म्हटलं, माझा नवरा थेंबभरसुद्धा घेत नाही. पिते ती मी. त्या दिवशी ग्लास ओढून घेतला तो मला वाचवायला."

"मग आपली समोरची रडायला लागली. म्हणते, काकी, मी माझ्या हाताने तुम्हाला वाईन दिली. तिला गप्प करता करता नाकी नऊ आले." बायकोने मोडलेल्या काड्या बाजूला सारल्या. "आता मी शेजारच्या खोलीत बसते. पिणाऱ्यांच्या. तिथे आणखी एक बाई आहे, विरारची. पुढच्या रविवारी तुम्हीही या."

"मी कशाला? वसईत कोण कोणाला..."

"ओळखू दे की," ती म्हणाली. "आत्ता बेवडा म्हणून ओळखतातच."

पुढच्या रविवारी मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, का ते माहीत नाही. शाळेच्या व्हरांड्यात दोन वर्गांची दारं शेजारीशेजारी उघडी होती. बायको आणि समोरची मुलगी पुढे गेल्या होत्या, मी चपला काढत मागे राहिलो. तेवढ्यात एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ लगबगीने आला आणि त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"या, या. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच जड जातं. आपली खोली ही. आत चला."

"नाही, मी पीत नाही," मी म्हणालो.

"हो हो," तो मायेने हसला. "मीसुद्धा हेच म्हणत होतो, कितीतरी वर्षं."

माझा हात सुटेना. मी आणखी काही म्हणणार तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. खणखणीत, व्हरांडाभर ऐकू जाईल असा. "त्यांना सोडा हो. ते त्या खोलीतले. पिणारी मी आहे."

व्हरांड्यातली चार माणसं वळून बघायला लागली. त्यातले दोघे आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतले होते, मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं. कोणी तोंड फिरवलं नाही.

मी दुसऱ्या खोलीत गेलो. फळ्यावर मुलांची बेरीज अर्धवट पुसलेली होती. बाकांवर सगळ्या बायका. पुरुष मी एकटा. त्यांचं आपसातलं बोलणं थांबलं, एक-दोघींनी पदर सारखे केले, आणि मला खालच्या मजल्यावरची ती गप्प होणारी तोंडं आठवली. परत जावं असं फार वाटलं. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, भाजीची रिकामी पाटी पायाशी ठेवून. तिने बाकावर जागा केली. "बसा. पानी देऊ?"

पाणी प्यालो. एकेक बाई बोलत गेली. मी खाली बघून ऐकत होतो. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा. सगळ्या घरांतल्या बाटल्या कुठे ना कुठे लपवलेल्या होत्या, आणि त्या शोधणारी माणसं इथे बसलेली होती. माझी पाळी आली. चाळीस वर्षं ऑफिसात लोकांची तोंडं बंद केलेला मी, मला वाक्य सुचेना. सवयीने 'माहेरी' हा शब्द जिभेवर आला. तो गिळला.

"माझी बायको पिते," मी म्हणालो. "दारू."

कोणी चकित झालं नाही. कोणी च्च च्च केलं नाही. मी पुढे काही बोलेन म्हणून सगळ्या थांबल्या होत्या, पण मला तेवढंच येत होतं. शेवटी त्या म्हातारीनेच विचारलं, "मग आता कुठं आहे ती?"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी बोलायला उभं राहिलं होतं. आवाज ओळखीचा होता.

"इथेच," मी म्हणालो. "शेजारच्या खोलीत."